सुरुंग काढणाऱ्याला परमवीरचक्र का? : पारोळ्याच्या वाचकाला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. २६ जानेवारीला आमच्या गावच्या शाळेत मी सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्यावर बोललो आणि मग इथे लेख टाकला, ते तुम्हाला पटलं नाही. तुम्ही लिहिता, ‘राणेंनी रस्ता साफ केला. शत्रूला भिडले ते अब्दुल हमीद. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना तो आदर्श सांगा.’ शिवाय, पदकवाल्यांचेच गोडवे किती दिवस गाणार, असंही विचारलंय.

हमीद यांच्याबद्दल आपलं दुमत नाहीच. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या खेमकरणच्या शेतांत जीपवरच्या तोफेनं पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडणारा माणूस, त्याच्यापुढे कोण बोलणार! पण म्हणून राणे खाली बसत नाहीत. परमवीरचक्राच्या नियमात शत्रूच्या समोर दाखवलेलं शौर्य किंवा आत्मत्याग असं म्हटलंय. किती मारले, हा हिशोब त्यात नाही.

‘रस्ता साफ केला’ म्हणजे काय, तेही बघा. एप्रिल १९४८, काश्मीरचं युद्ध. नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि वाटेत सुरुंग पेरलेले. ८ तारखेला सकाळी नादपूरजवळ राणेंची तुकडी कामाला लागणार, तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघं जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यांनी उरलेली माणसं पुन्हा उभी केली आणि रात्री दहापर्यंत काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत सुरू. पुढे रस्त्यावर चिडाची झाडं आडवी टाकलेली, ती उडवली. रस्त्याखालची मोरी शत्रूनं फोडलेली, तिथं वळणरस्ता काढला. ११ तारखेला तर सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत! १२ एप्रिलला राजौरी हाती आली.

माझे चुलते बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या, रस्ते-पूल बांधणाऱ्या लष्करी इंजिनिअर दलातले, खडकीहून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. लेख लिहिण्याआधी मी त्यांना सुरुंग कसा शोधतात ते विचारलं. बोलण्याऐवजी त्यांनी पुरणपोळीच्या फुटक्या खापराचा तुकडा अंगणाच्या काळ्या मातीत पुरला, पालथे पडले आणि पोत्याचा दाभण तिरका धरून जमिनीत सरकवला. तिरकाच का, तर टोक सुरुंगाच्या कुशीला लागलं पाहिजे. वरून दाब पडला की संपलं. बोटभर अंतर सोडून पुन्हा, मग पुन्हा. खापर सापडेपर्यंत त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मला म्हणाले, “आते तू कर.” मी पाच मिनिटांत उठलो. तेही आपल्या अंगणात, वर कुणी गोळ्या झाडत नसताना.

म्हणून मी पोरांना राणे सांगितले. पहाटे चारला अमळनेर रस्त्यावर धावणाऱ्या त्या पोरांतलं कोण पायदळात जाईल, कोण सॅपर होईल, कोण ट्रक चालवेल, कुणाला ठाऊक? पराक्रम बंदुकीच्या चापावरच असतो असं मनात घेऊन त्यांनी जाऊ नये, एवढं मला फार वाटतं.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र मला लागला. आजवर परमवीरचक्रं एकवीस, त्यातली चौदा मरणोत्तर. एवढ्यात सगळं शौर्य मावतं असं कोण म्हणेल? नादपूरला पहिल्याच माऱ्यात गेलेले ते दोघं राणेंच्या मानपत्रात फक्त आकडा म्हणून येतात. शाळेत वाचताना मी त्या ओळीवरून सरळ पुढे गेलो. ती माझी चूक. तुम्ही लिहिलं नसतं तर लक्षातही आलं नसतं. लेखात ती ओळ आज वर घेतली आहे.

कापूस वेचणी संपली की काका घरीच असतात. एकदा या. खापराचा तो तुकडा त्यांनी अजून ओट्यावर ठेवलाय.