विसावं नाव

आज सकाळी कुपवाड एमआयडीसीत चहाला थांबले होते. शेजारच्या गल्लीतले एक जुने मालक एका नव्या पोराला शिकवत होते, "मस्टरवर एकोणीसच ठेवायची. विसावा आला की वहिनींच्या नावानं दुसरी फर्म काढायची." मस्टर म्हणजे हजेरीपट. त्यावर वीस माणसं झाली की प्रॉव्हिडंट फंड भरावा लागतो, तो चुकवायची ही युक्ती. पोरगं मान डोलवत होतं. अर्धा कप तसाच ठेवून आले. अजून डोकं तापलेलंच आहे.

अण्णा मालक होते त्या काळात आमच्या वर्कशॉपच्याही मस्टरवर १९ नावं होती. विसावे होते मामा. मालगावहून सायकलवर यायचे, जुनं लेथ मशीन त्यांच्याशिवाय कुणाला जमत नसे. त्यांचं नाव अण्णांच्या खिशातल्या लाल डायरीत. शनिवारी रोख पगार, मध्ये उचल. अशी १४ वर्षं. शेवटच्या दिवशी कोपरापर्यंत हात धुऊन, टोपी नीट करून केबिनच्या दारात उभे राहिले. "मालक, माझ्या फंडाचं काय ओ?" अण्णा डायरीची पानं उलटत बसले. मग पाकिटात १०,००० घालून दिले. मामांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

मी तिथंच होते. बिलं लावत होते. मान वर केली नाही.

आणि या एकोणीसच्या हुशारीला काय अर्थ आहे? फंडाच्या मोजणीत रोजंदारीचा, ठेकेदाराचा, सगळे धरतात. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराप्रमाणे मिळणाऱ्या रकमेला, तर १० माणसं झाली की पुरे. म्हणजे मामांची ग्रॅच्युइटी अण्णांना तेव्हाही लागूच होती. शेवटचा पगार १३,०००. भागिले महिन्याचे २६ दिवस, गुणिले १५, गुणिले १४ वर्षं. १,०५,००० होतात. हा हिशोब मी फार उशिरा केला. उरलेले ९५,००० तीन हप्त्यांत नेऊन दिले. पण पेन्शन? फंडात १० वर्षं भरली की ५८व्या वर्षी ती लागते. मामांची १४ झाली होती, कागदावर एकही नाही. मागचं भरायचं म्हटल्यावर सल्लागार म्हणाला, व्याज लागेल, दंड लागेल, उकरू नका. मी ऐकलं. ते माझं चुकलंच.

हो, त्रास आहे. आधारवर बाळू आणि पॅनवर बाळासाहेब असला की आठवडा जातो. मोठ्या कंपन्या आपलं बिल ९० दिवस अडकवतात आणि फंड भरायच्या चलनाची १५ तारीख काही पुढं सरकत नाही. मान्य. पण म्हणून कापायचं कुणाचं? लेथवर उभ्या असलेल्या माणसाचं? १५,००० पगारावर मालकाचे १२ टक्के म्हणजे महिन्याला १,८०० रुपये. लेथला लागणाऱ्या इन्सर्टचा, म्हणजे कापायच्या टोकांचा, एक डबा तेवढ्याला येतो का सांगा. डबा आणताना आपण कधी दुसरी फर्म काढतो?

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड आले, जुने २९ कायदे त्यात गेले. तेव्हापासून मालकांच्या ग्रुपवर रडारड चालू आहे. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरचे पगारात धरणार, ग्रॅच्युइटी वाढणार. वाढू दे की! बेसिक चार हजार आणि बाकी सगळे भत्ते, असल्या पगारपत्रकावर सह्या कुणी केल्या होत्या? आपणच ना? त्या कोडमध्ये प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे, यावर मात्र ग्रुपवर कुणी अवाक्षर काढत नाही.

अण्णांना मी वाईट म्हणणार नाही. २०१९ च्या पुरात मामांचा भाचा सांगलीत अडकला, तेव्हा अण्णा त्याच्यासाठी दोन दिवस फोन फिरवत होते. दिवाळीला मामांच्या घरी फराळ पहिला जायचा. माया होती. मस्टरवर नाव तेवढं नव्हतं. गेल्या दिवाळीत फराळ घेऊन मी मालगावला गेले, तर मामा म्हणाले, "ताई, आता किती जण हायेत शेडवर?" म्हटलं, २३. "समद्यांचा फंड भरताय न्हवं?" हो म्हटलं. ते नुसते हसले. स्वतःचं काही बोललेच नाहीत.

सकाळचा तो पोरगा माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे, वाचेलच. बाळा, उद्या सहानंतर शेडवर ये. नोंदणी कशी करायची, चलन कसं भरायचं, आमच्या अकाउंटंट ताई बसून दाखवतील. मस्टर आण आणि खिशातली डायरीपण आण.