फिल्टरचा बांध

मॉड्युलर सिंथेसायझरचं, म्हणजे सुटे भाग वायरींनी जोडून आवाज तयार करणाऱ्या यंत्राचं, बटण फिरवलं की आवाज बदलतो, असं ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याच्या घरी फिल्टर नसावा. माझ्या फिल्टरला पाच बटणं आहेत. त्यातलं कुठलं कधी कामावर असेल आणि कुठलं रजेवर, याचा अंदाज घेण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. आणि तो भुसावळचा उन्हाळा होता.

खरं तर लो-पास फिल्टरचं काम अगदी साधं. खालचे सूर जाऊ द्यायचे, वरचे अडवायचे. कुठून अडवायचे ते कटऑफ ठरवतो. कटऑफ म्हणजे शेताचा बांध, आणि रेझोनन्स म्हणजे त्या बांधावरचं भांडण. शेतात मधोमध उभं राहून कुणी ओरडत नाही. आवाज चढतो तो ऐन बांधावर उभे असलेल्यांचा. रेझोनन्स वाढवत गेलं की बांधावरची बोंब वाढत जाते आणि मागच्या शेतातला खर्ज बिचारा दबून जातो. बटण शेवटपर्यंत नेलं तर आत एकही सूर न घालता फिल्टर एकटाच शिट्टी मारत बसतो. आमच्या गावाकडच्या भाऊबंदांमध्ये समोर कुणी नसतानाही बांधावर जाऊन ओरडणारे आहेत, त्यामुळे हे मला लगेच पटलं.

शिट्टीमागचं गणितही देखणं आहे. सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांना १९६९ साली ज्या फिल्टरचं पेटंट मिळालं, तो शिडीसारखा आहे. चार पायऱ्या, दर पायरीला सप्तकामागे ६ डेसिबलची कात्री, म्हणजे एकूण २४. ऐन कटऑफवरचा सूर चार पायऱ्या ओलांडेपर्यंत झिजून पावपट उरतो. तोच चारपट करून परत पहिल्या पायरीवर आणून घातला की झीज भरून निघते आणि सूर फिरत राहतो. असं काही कागदावर वाचलं की माणसाला आपण हुशार असल्याचा भास होतो. तो भास यंत्राला वीज देईपर्यंत टिकतो.

इथे आप्पा आले. आमचे आप्पा रेल्वेच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून निवृत्त झाले. विजेवर चालणारी कुठलीही वस्तू घरात आली की तिची चौकशी होतेच.

“काय करून राह्यला?”

“फिल्टर समजून घेतोय.”

“हे करतं काय?”

“आवाजातला नको तो भाग काढून टाकतं.”

“आणि तो आवाज आणला कुठून?”

“हा शेजारचा ऑसिलेटर तयार करतो.”

“म्हणजे आधी तयार करायचा, मग काढून टाकायचा?”

या पद्धतीला सबट्रॅक्टिव्ह सिंथेसिस म्हणतात आणि तिची याहून नेमकी व्याख्या मी कुठेही वाचलेली नाही. आप्पांनी आईकडे पाहिलं. आईने यंत्राची किंमत विचारली. मी कटऑफ फिरवला.

काहीच झालं नाही.

थोडा डावीकडे फिरवला, थोडा उजवीकडे फिरवला, आवाज ढिम्म. आप्पांनी “लूज कॉन्टॅक्ट” असा निकाल देऊन टाकला. चार हजार टन ओढणारं असो की चार सूर गाळणारं, त्यांच्या लेखी दुसरा आजारच नाही. वायरी काढून घातल्या, तरी तेच. मग ते आतून मल्टिमीटर घेऊन आले. “आवाज राहू दे बाजूला. व्होल्ट किती येऊन राह्यले ते सांग.”

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. संगीताची आवड असलेला कुठलाच माणूस तो विचारत नाही, आणि म्हणूनच फिल्टर कळत नाही. बांधाची जागा एकटं बटण ठरवत नसतं. बटण हा फक्त सातबारा. प्रत्यक्षात कीबोर्डकडून आलेले व्होल्ट, एन्व्हलपकडून, म्हणजे पट्टी दाबली की व्होल्ट चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या भागाकडून, आलेले व्होल्ट आणि बटणाची जागा अशी सगळ्यांची बेरीज होते आणि बांध त्या बेरजेवर जाऊन बसतो. दर एका व्होल्टला एक सप्तक, म्हणजे दुप्पट. समजा बटण २५० हर्ट्‌झवर आहे. कीबोर्डने २ व्होल्ट दिले की १००० झाले. एन्व्हलपने वर ५ व्होल्ट टाकले की पाच वेळा दुप्पट, म्हणजे ३२,०००. माणसाला ऐकू येतं जास्तीत जास्त २०,००० पर्यंत. बांध गावाच्या शिवेबाहेर गेल्यावर तो आणखी दोन हात सरकवला काय आणि न सरकवला काय! अडवायला कुणी उरलेलंच नाही. बटण बिघडलेलं नव्हतं, बेकार होतं.

आप्पांनी हे सगळं वहीच्या मागच्या पानावर मांडलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या बटणावर बोट ठेवलं. ते अटेन्युव्हर्टर. मधोमध ठेवलं तर एन्व्हलपकडून आलेले व्होल्ट शून्य, उजवीकडे नेलं तर जसेच्या तसे, डावीकडे नेलं तर उलटे. कंपनीने त्यावर एक बाण सुद्धा छापलेला नाही. पूर्ण डावीकडे नेल्यावर तेच ५ व्होल्ट वजा झाले आणि १००० चे उरले ३१. पट्टी दाबली की सामसूम, बोट उचललं की भोंगा. आईने आतून विचारलं, “तू हात काढला की वाजतं, तर हात लावतोस कशाला?”

मुंबईचा मावसभाऊ आला होता, त्याला वाटलं भुसावळात हे असलं काही पहिल्यांदाच येतंय. त्याला सांगितलं की अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ सालीच मूगचं मॉड्युलर आलं होतं, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी तिथे स्टुडिओ उभारून दिला होता, आणि अहमदाबादला इथून नवजीवन एक्स्प्रेसने थेट जाता येतं. तो म्हणाला, “मग तिकडेच पाठवून दे.”

मे महिन्यात नवीनच पंचाईत झाली. अ‍ॅनालॉग यंत्राचा सूर तापमानाबरोबर सरकतो. बाहेर ४५ अंश असताना शिट्टी मारणारा फिल्टर सुरात लावणं म्हणजे तासाभराने पुन्हा लावणं. कूलर लावला तर सूर ठरतो, पण कूलरच्या घरघरीत तो ऐकू येत नाही. कूलर बंद केला तर ऐकू येतो, पण जे ऐकू येतं ते बेसूर असतं. एका दुपारी मी व्हाइट नॉइज, म्हणजे सगळे सूर एकदम असलेला फुसफुसाट, फिल्टरमधून काढून कटऑफ हळूहळू हलवत मस्त वारा तयार केला. अगदी नदीकाठचा. आई उठली, कूलरपाशी गेली, तो बंदच आहे असं दिसल्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावर कुठलाही फिल्टर चालत नाही.

आता मला फिल्टर कळलाय. वाजवायला मिळत नाही, एवढंच. कारण अटेन्युव्हर्टर बरोबर मधोमध ठेवला तरी मीटरवर ०.०२ व्होल्ट दिसतात. माझ्या कानाला त्याने काहीही फरक पडत नाही, पण आप्पांच्या नोकरीत शून्य म्हणजे शून्य होतं. रात्री जेवण झालं की ते चष्मा लावून यंत्रासमोर बसतात, दोन बोटांनी बटण केसभर सरकवतात आणि आकडा वाचतात. शेजारी मी कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलेला असतो.

“वाजवू का आप्पा?”

“थांब. ०.०१ आलं.”