लाल टोपीखालचे हसू

गेल्या रविवारी टेंबलाईच्या टेकडीवर आम्ही चार निवृत्त फौजी बसलो होतो. चौघेही लाल टोपी घालणाऱ्या मिलिटरी पोलीसमधले आणि चौघांचीही गावे याच कोल्हापूर जिल्ह्यातली. बोलता बोलता आमच्यातल्या सुभेदार साहेबांनी एक जुने वाक्य काढले, "लाल टोपी दिसली की बटण आपोआप लागतं," आणि इतक्या वर्षांनीही आम्ही पोट धरून हसलो. घरी परतताना मात्र जाणवले, की ही वाक्ये कुठेही लिहिलेली नाहीत, ती आमच्याबरोबरच संपतील आणि हे मला मान्य नाही.

सैनिक टाकळीसारखी गावे असलेल्या या जिल्ह्यात फौजी घरोघरी भेटतो. मिलिटरी पोलिसाची ओळख मात्र पास मागणारा, गणवेशातली चूक शोधणारा कडक माणूस एवढीच राहते. कामच तसे आहे. शिस्त राखायची, लष्करी वाहनांच्या काफिल्यांना वाट करून द्यायची, युद्धकैद्यांची व्यवस्था पाहायची आणि एरवी आपल्याच भाऊबंदांवर नजर ठेवायची. कॅन्टीनच्या रांगेत आम्ही जाऊन उभे राहिलो की आजूबाजूच्या गप्पा थांबत. त्यामुळे आमचा विनोद आमच्यातच वाढला, आणि त्या विनोदामुळेच हाती असलेला अधिकार आमच्या डोक्यात गेला नाही, असे माझे ठाम मत आहे.

डोंगरातल्या रस्त्यांवर आमच्या टीसीपी, म्हणजे वाहतूक नियंत्रण चौक्या असतात. बर्फाने रस्ता बंद झाला की तिथे गाड्यांची रांग लागते आणि प्रत्येक ड्रायव्हर खाली उतरून एकच प्रश्न विचारतो, रस्ता कधी उघडणार? आमचा चंदगडकडचा एक सोबती त्यावर अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगे, "साहब, बर्फ को अभी मेरा ऑर्डर मिला नहीं है," आणि चहाचा मग पुढे करी. रात्रभर गाडी चालवून वैतागलेला माणूस हसला की गाडीत जाऊन निमूट बसत असे, आणि घाटात वैतागलेला ड्रायव्हर काय करून बसतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्या हसण्याची किंमत कळेल. आमच्या दलाचे बोधवाक्य 'सेवा तथा सहायता' असे आहे. त्यातली सहायता मला त्या मगात दिसली. पुढे हे वाक्य साऱ्या चौकीचे झाले. रजा मंजूर झाली नाही, रेशनची गाडी आली नाही, घरचे पत्र अडकले, तरी "बर्फाला ऑर्डर मिळाली नाही" एवढेच म्हटले जाई.

या विनोदाला एक मर्यादाही होती आणि ती कोणी मोडत नसे. रजा संपून चार दिवस उलटलेला एक जवान रेल्वे स्थानकावर आमच्या हाती लागला होता. त्याच्या हातातल्या भाकरीच्या गाठोड्यावरून आमच्यातला एक नवा पोरगा काहीतरी बोलला. उस्तादांनी त्याला बाजूला घेतले आणि शांतपणे सांगितले, "उद्या याच्याच गाडीला तू हात दाखवणार आहेस, आणि त्यानं थांबायला पाहिजे." ड्यूटीविषयी यापेक्षा मोलाचे वाक्य मी कोणत्याही वर्गात ऐकले नाही.

लडाखच्या रस्त्यांवर सीमा सडक संघटनेने लावलेल्या फलकांवरील गमतीदार वाक्यांचे फोटो पर्यटक हौसेने काढून आणतात, याचा मला आनंदच आहे. पण त्याच रस्त्यांवर थंडीत उभे राहून जवानांनी बोललेली वाक्येही तितकीच जपायला हवीत. ८ मे २०२१ रोजी बेंगळुरूच्या केंद्रातून ८३ महिला जवानांची पहिली तुकडी आमच्या दलात दाखल झाली. त्या मुलींची स्वतःची वाक्ये आता तयार होत असतील. आमची वाक्येही त्यांच्यापर्यंत पोहोचावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

म्हणून येत्या रविवारी मी टेकडीवर दोनशे पानी वही नेणार आहे. पहिल्या पानावर सुभेदार साहेबांचे वाक्य त्यांच्याच हस्ताक्षरात असेल. गडहिंग्लज, शिरोळ, कागल, कुठलेही असा. लाल टोपी घातलेल्या प्रत्येकाने आपल्या चौकीवरचे एक तरी वाक्य, ते कोणत्या प्रसंगी बोलले गेले हे लिहून, माझ्याकडे पाठवावे.