इसम, सिव्हिल, नग एक

गेल्या मंगळवारी मी शंभर किलोचा झालो. घरच्या काट्यावर चौऱ्याण्णव भरतो, तेही सकाळी, चष्मा काढून. पण सरकारी कागदावर, गोल शिक्क्यासकट, शंभर. आणि भाव लागला ३१ रुपये किलो, वर १८ टक्के जीएसटी.

धंद्याची पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. मी पतसंस्थेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, साडूने चाकणच्या गॅरेजमधली नोकरी सोडली, आणि आम्ही दोघांनी मिळून लष्कराने कंडम केलेल्या ट्रकांचा माल लिलावात घ्यायचा, सोडवायचा, घासूनपुसून सुटा विकायचा असं ठरवलं. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. दोघींनीही अडवलं नाही, कारण प्रत्येकीला वाटलं की बहिणीचा नवरा शहाणा आहे.

साडू शक्तिमानचा भक्त आहे. टीव्हीवरच्या नव्हे, जबलपूरच्या. जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीच्या परवान्यावर १९५९ साली तिथे हा ट्रक बनायला लागला आणि १९९६ साली बंद झाला. "बंद पडलेल्या गाडीचे पार्ट घेणार कोण?" असं मी रीतसर विचारलं होतं. त्यावर तो म्हणाला, "दादा, बंद पडली म्हणूनच घेणार. कंपनीत मिळत असते तर आपल्याकडे कोण कुत्रं आलं असतं?" मग त्याने हरियाणातल्या मंडी डबवालीचं नाव घेतलं, जिथे डिस्पोजलच्या मालातून जीपा उभ्या राहतात. बंगालमधल्या पानागडचं घेतलं, जिथे महायुद्धात अमेरिकनांचा विमानतळ होता आणि आता रस्त्याच्या कडेने जुन्या गाड्या कापतात. हायवेला उलटलेला ट्रक उचलायला येणारी ती घरगुती क्रेन आठवा, म्हणाला. खाली बघितलं तर निम्म्या वेळा लष्करी चासी असते. केरळात डोंगरातून ओंडके काढायला जुने मिलिटरी ट्रक अजून जुंपतात. हे सगळं खरं आहे. फक्त आम्ही ना डबवालीत राहतो, ना पानागडात, ना केरळात. आम्ही राहतो तळेगावच्या अलीकडे, आणि आमच्या शेडसमोर आजवर थांबलेलं एकमेव वाहन पत्ता विचारायला थांबलं होतं.

लिलाव ऑनलाइन असतो. नोंदणी करा, अनामत भरा, बोली लावा. शेवटच्या दोन मिनिटांत कोणीतरी शंभर रुपये वाढवतो, वेळ पुन्हा पुढे सरकते, तुम्ही शंभर वाढवता, असं करत रात्रीची भाजी करपते. मालाची यादी वाचायला मात्र मजा येते. लष्कराच्या भांडारात वस्तूचं नाव पाठीमागून सुरू होतं. आपण म्हणू हिरवी ताडपत्री. ते लिहिणार, "कव्हर, कॅनव्हास, हिरवे". आधी जात, मग कूळ, मग रंग. पहिल्या आठवड्यात मला या पद्धतीचा एवढा नाद लागला की बायकोला "डबा, स्टील, पोळ्यांचा" कुठाय असं विचारलं. तिने "नवरा, रिकामा, एक" असं उत्तर दिलं. त्यानंतर मी नाद सोडला.

आमचा पहिला लॉट वजनावर होता. १२ एक्सल, ९ गिअरबॉक्स आणि "इतर". खाली अट छापलेली: माल जसा आहे, जिथे आहे, तसा, कोणतीही तक्रार चालणार नाही. डेपोचं नाव सांगत नाही, मला अजून तिथे जायचंय.

आत जायला आधार कार्डाच्या प्रती, फोटो, हमालांची पोलीस पडताळणी. मोबाईल फाटकावर जमा. आत जाऊन मोजले तर एक्सल ११. मी कारकुनाला अदबीने सांगितलं. त्याने तितक्याच अदबीने यादीतल्या अटीवर बोट ठेवलं. लॉट वजनावर आहे, नग अंदाजे आहेत, तक्रार चालत नाही. बरं. जो नाही त्याचे पैसे नाही लागणार, अशी मी मनाची समजूत घातली आणि आम्ही काट्याकडे निघालो. रिकाम्या गाडीचं वजन सकाळीच झालं होतं: ५,६४० किलो. भरल्यावर आलं १२,३८०. ड्रायव्हरने हँडब्रेक सोडला, काट्यावरचा पोरगा पावती फाडणार, एवढ्यात खुर्चीवरून आवाज आला.

"थांब."

खुर्चीवर एक निवृत्त हवालदार बसले होते. साताऱ्याकडचे. मिशा अशा की त्यांच्यावरही कोणीतरी रोज पॉलिश मारत असावं. सकाळपासून ते काही न करता बसले होते, आणि मला वाटलं होतं की तेच त्यांचं काम आहे.

"पाव्हणं, तुमी खाली कसं?"

मी काट्याच्या बाजूला, सावलीत, वडापाव खात उभा होतो. म्हटलं, "खाली म्हणजे? वडापाव खातोय."

"सकाळी मोकळ्या गाडीत वर बसलावता. म्या बघितलंय. किन्नरच्या जागंला, डायवरच्या शेजारी."

"हो, मग?"

"मग आत्ता का नाय बसला?"

मला प्रश्नाचा रोखच कळेना. साडूला कळला, त्याचा चेहरा पडला. हवालदारांनी मग मला शांतपणे, शाळेत समजवावं तसं समजावलं. रिकाम्या गाडीत मी होतो, म्हणजे गाडी माझ्याइतकी जड भरली. भरल्या गाडीत मी नाही. दोन्हींची वजाबाकी केली की माझ्या वजनाएवढं सरकारी लोखंड फुकटात बाहेर जातं.

"लोकं पाण्याचे ड्रम भरून आणत्यात," ते म्हणाले. "डिझेलची टाकी फुल करून आणत्यात. एकानं वाळूची पोती आणलीवती सीटखाली. पर सोताच ड्रम होऊन येनारा ह्या नोकरीत पयलाच बघितला."

भोवती आठ-दहा माणसं जमली होती. मागे तीन गाड्या हॉर्न देत होत्या. मी म्हणालो की हवालदारसाहेब, मला असलं काही सुचलंही नाही. ते म्हणाले, सुचलं नसंल, पर झालंय. आता सांगतो, ते शंभर टक्के बरोबर होते, आणि नेमकं हेच मला आठवडाभर झोंबतंय. माणूस चुकीचा असता तर मी वरपर्यंत तक्रार केली असती.

"वजन किती तुमचं?"

"चौऱ्याण्णव." खरं तर मी ब्याण्णव म्हणालो. साडूने दुरुस्ती केली.

"काट्यावर उभं ऱ्हावा."

एकटा. साठ टनी काट्यावर, जिथे आत्ताच ट्रक उभा होता. मी मधोमध गेलो. पोऱ्याने खिडकीतून बघितलं आणि ओरडला, "साहेब, शून्य!"

लोकं हसली. मीही हसायचा प्रयत्न केला. मग पोऱ्याने काट्यावरची पितळी पट्टी दाखवली: कमाल ६० टन, किमान ४०० किलो, ई बरोबर २० किलो. म्हणजे हा काटा वीस-वीसच्या उड्या मारतो, आणि चारशेच्या आतलं वजन त्यावर धरायचंच नसतं. मी एकटा कायद्याने मोजण्यालायकच नव्हतो. मी म्हटलं, ठीक, मग मी शून्य आहे, जाऊ द्या. हवालदार म्हणाले, "येकटं शून्य. गाडीत बसला की हाय."

माझ्या डॉक्टरांचा रिपोर्ट मोबाईलमध्ये आहे, त्यात चौऱ्याण्णव स्पष्ट लिहिलंय, असं मी सांगू लागलो. मोबाईल फाटकावर. शेवटी गाडी पुन्हा काट्यावर घेतली, आणि मला किन्नरच्या जागी चढवलं. चढताना हातातल्या उरलेल्या वडापावाकडे हवालदारांनी बोट दाखवलं. "त्यो खाली ठेवा. सकाळी नव्हता." मी म्हणालो, अर्धा पोटात आहे त्याचं काय करू? ते खरंच विचारात पडले. काटा वीसच्या खाली बघत नाही हे पोऱ्याने आठवण करून दिल्यावर वडापाव माफ झाला.

१२,४८०.

"शंभर!" पोरगा ओरडला.

आता प्रश्न रजिस्टरचा. दोन वजनांत फरक आला की कारण लिहावं लागतं. हवालदारांनी पेन उघडलं, टोक तपासलं, आणि तीस वर्षांची सवय हातात उतरली. "इसम," ते मोठ्याने बोलत लिहू लागले, "सिव्हिल. नग एक." मग थांबले. पुढच्या रकान्यात वस्तूची स्थिती लिहायची असते: सर्व्हिसेबल की अनसर्व्हिसेबल. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. टायर बघावा तसं. मी पोट आत घेतलं.

"अनसर्व्हिसेबल लिहा," साडू म्हणाला.

इथवरचं सगळं मी पार्टीत सांगतो आणि लोक हसतात. पुढचं सांगत नाही, कारण पुढे कोणी हसत नाही. शंभर किलो गुणिले ३१ म्हणजे ३,१००, अधिक जीएसटी ५५८, एकूण ३,६५८ रुपये. हा फरक भरल्याशिवाय गाडी सुटणार नाही. रोख चालत नाही, ऑनलाइन चलन हवं. चलन मोबाईलवरून, मोबाईल फाटकावर. फाटकाबाहेर गेलं की आजचा पास रद्द, उद्या नवा. आम्ही बाहेर गेलो, पैसे भरले, सर्व्हर बसला, पावती रात्री साडेनऊला आली. गाडीचं एका दिवसाचं जादा भाडं, ड्रायव्हरचा भत्ता, आणि रात्रभर माल आत राहिला म्हणून जागाभाडं वेगळं. एक एक्सल कमी निघाला तेव्हा तक्रार चालत नव्हती. शंभर किलोचा मी जास्त निघालो तेव्हा रजिस्टर निघालं, पेन निघालं, चलन निघालं. जसा आहे, जिथे आहे, ही अट माझ्या बाजूने एकदाही वाचली गेली नाही. मोठे व्यापारी सांगतात, पहिल्या लॉटला असंच होतं, आपला माणूस आत लागतो. आपला माणूस म्हणजे कोण आणि तो कुठल्या लिलावात मिळतो, ते सांगत नाहीत.

पावती घरी आणली तर ती बायकोच्या हाती लागली. तिने साडूच्या बायकोला फोटो पाठवला, तिने सासऱ्यांना. आता घरी भाकरी वाढताना "शंभरी भरलीय" असं म्हणतात, आणि मला अर्धीच मिळते.

माल शेडमध्ये येऊन पाच दिवस झाले. काल पहिलं गिऱ्हाईक आलं, क्रेनवाला, खालापूरकडचा. त्याने डिफचं, म्हणजे एक्सलच्या मधल्या डिफरन्शियलचं, हाउसिंग उलटंपालटं केलं, आतल्या क्राऊन गिअरचे दाते नखाने चाचपले, मग हात पुसत विचारलं, "हे किलोवर देता का नगावर?"

साडू काही बोलला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं.