टायमिंग बेल्ट तुटलेल्या इंडिकाच्या रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर

नमस्कार भाऊ. "फक्त बेल्ट टाका म्हटलं तर ऐकलं नाही, 18 हजारांचा अंदाज दिला आणि वरून गाडी विकायचा विचार करा म्हणाले," अशी तुमची तक्रार आहे. 1 स्टार दिला, तो तुमचा हक्क. पण टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन हलवणारा क्रँक आणि वाल्व उघडणारा कॅम हे दोन दांडे एका तालात फिरवणारा पट्टा, टाकून पाहिला होता, हे सगळ्यांना कळायला पाहिजे.

मार्क जुळवून बेल्ट बसवला आणि क्रँक पान्यानं हातानंच दोन पूर्ण फेरे फिरवला. कुठं अडला नाही, तेव्हाच सेल्फ मारून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, मोजला. 2 आणि 3 नंबरच्या सिलिंडरला शून्य. इंजिनाचं वरचं झाकण (टॅपेट कव्हर) काढून फट मोजायची पट्टी (फिलर गेज) लावली, तर त्याच दोन सिलिंडरच्या वाल्व आणि कॅममधली गॅप बाकीच्यांपेक्षा कितीतरी मोठी. म्हणजे वाल्व वाकले, सीटवर पूर्ण बसतच नाहीत. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की हेडशी, म्हणजे वाल्व बसवलेल्या वरच्या भागाशी, फट अगदी थोडी उरते. बेल्ट तुटून कॅम थांबला की उघडा वाल्व ठोकर खातोच. तशीच गाडी दामटली आणि वाल्वची मुंडी तुटून पिस्टनवर पडली, तर हेड अन् पिस्टन दोन्ही जातात.

18 हजारांत आठही वाल्व, ऑइल सील, हेड गॅस्केट, अकोल्याला हेडचं मशीनकाम, मजुरी आणि टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणारी पुली) टायमिंग किट आहे. टेन्शनरची बेअरिंग जाम आहे, बेल्ट त्यानंच खाल्ला. तो तसाच ठेवून नवा बेल्ट टाकला तर तोही तुटणार.

विकायचं म्हणालो ते यासाठी, की सेल्फ मारताना ऑइल कॅप उघडली की आतून हवा जोरात येते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर हेड दुरुस्त करून उपयोग नाही, गाडी ऑइल पीतच राहील. म्हणून आधी फक्त हेड उतरवू. बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या) वरच्या काठाला नख अडकलं किंवा उभे ओरखडे दिसले, तर आमच्या मते या गाडीत पैसा घालू नये. खर्च दुपटीवर जाईल आणि आरसीची 15 वर्षंही संपत आलीत, पासिंगचा खर्च वेगळा. बोअर गुळगुळीत निघाला तर मात्र नक्की करा, बॉडी अजून चांगली आहे. हेड उतरवताना तुम्ही समोर उभे राहा.

दुसरीकडं न्यायची असेल तर बिनधास्त न्या. फक्त न्यूट्रलमध्ये ओढून न्या. गिअर टाकून धक्का मारू नका, सेल्फही मारू नका.