रुसायचं तर हीथसाहेबांसारखं

आपल्याला रुसता येतं, असा तुमचा समज असेल. लग्नात मानपान चुकला म्हणून पंगतीला उशिरा येणं म्हणजे रुसणं नव्हे. श्रीखंडाची वाटी पुढे आली की जो संपतो तो रुसवा कसला? शिकायचंच तर ब्रिटनच्या एडवर्ड हीथ यांच्याकडून शिका. 26 वर्षं तोंड फुगवलं, तेही खासदारकीच्या पगारावर.

आधी रुसायला साजेसं पद मिळवा. साध्या खासदाराचा रुसवा काढायला येतंय कोण? हीथ 1950 मध्ये निवडून आले, 1970 मध्ये पंतप्रधान झाले, 1973 मध्ये देशाला युरोपीय समुदायात नेलं. पुढे खाणकामगार अडून बसले, वीज वाचवायला कारखाने आठवड्यातून तीनच दिवस. तेव्हा ‘देश कोण चालवतं?’ असं विचारत त्यांनी निवडणूक घेतली आणि उत्तर ऐकून पंतप्रधाननिवास रिकामा केला.

पण परक्याने हरवलं तर नुसतं वाईट वाटतं. रुसायला घरचंच माणूस लागतं. फेब्रुवारी 1975 मध्ये पक्षनेतेपदाची पहिली फेरी झाली : थॅचरबाई 130, हीथ 119. बाई कोण, तर यांच्याच मंत्रिमंडळातल्या शिक्षणमंत्री! फरक मतं 11.

आता खासदारकी सोडून घरी जाऊ नका. घरात रुसलेला माणूस दिसतो कुणाला? हीथ पुढच्याच बाकावर, मधल्या वाटेच्या पलीकडे, साऱ्यांना दिसतील असे बसत. 1979 मध्ये बाई पंतप्रधान झाल्या आणि त्यांनी वॉशिंग्टनची राजदूतकी देऊ केली. सावध! हीच ती श्रीखंडाची वाटी. हीथ ‘नको’ म्हणाले.

1990 मध्ये बाईंना जावं लागलं. कच्चा गडी इथे विरघळतो. हीथ आणखी 11 वर्षं बसले, मतामागे एक वर्ष. (हा हिशोब माझा.) दरम्यान 1992 मध्ये, सलग सेवेच्या ज्येष्ठतेनं, हा अविवाहित गृहस्थ ‘सभागृहाचा पिता’ झाला.

ऑक्टोबर 2000 मध्ये सभापतिपदासाठी 12 उमेदवार उभे राहिले. पद्धत बदला, झटपट उरका, असं सदस्य सुचवत होते. ‘सभागृहाचा पिता’ म्हणून अध्यक्षस्थानी 84 वर्षांचे हीथ. जुन्या पद्धतीनंच होईल, म्हणाले. एकेक नाव, एकेक मतदान. दुपारी बसलेलं सभागृह अंधार पडला तरी बसूनच होतं.