शील्डमागच्या माणसाला आग दिसत नाही

वेल्डर शील्ड तोंडावर घेतो त्या क्षणी त्याचं जग रुपयाएवढं होतं. दहा-अकरा नंबरच्या (नंबर जितका मोठा तितकी काच गडद) काळ्या काचेतून वितळलेल्या धातूचा लहानसा डबका आणि रॉडचं टोक, बस्स, एवढंच दिसतं. ठिणग्या कुठवर चालल्यात, पाठीमागे पोतं धुमसतंय का, फटीतून खाली काय गळतंय, यातलं काहीच त्याला दिसत नाही. त्यामुळे "जरा जपून कर रे" एवढं बोलून काम सांगणारा मोकळा होतो तेव्हा चीड येते. जपायला डोळे लागतात आणि त्याचे डोळे कामात अडकलेले असतात. आग लागू नये याची पहिली जबाबदारी काम सांगणाऱ्याची आहे, हे माझं ठाम मत.

म्हणून दुसरा माणूस हवा, आणि त्याला बघण्याशिवाय दुसरं काम नको. रॉड आणून देणारा, पाईप धरणारा, मधूनच ग्राइंडर मारणारा हेल्पर म्हणजे पहारा नव्हे. त्याच्या हाताशी सहा किलोचा एबीसी पावडरचा (लाकूड-कागद, तेल, गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारा) अग्निशामक हवा, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आणि पिन जागेवर असलेला. शेजारी वाळूच्या बादल्या. आणि काम थांबवायचा अधिकार हवा. "थांबा" म्हटल्यावर त्याचं कुणी ऐकणार नसेल, तर त्याला उभं करून उपयोग नाही.

ठिणग्या कुठवर जातात यासाठी बऱ्याच ठिकाणी धरलेला आकडा ३५ फूट, म्हणजे साधारण ११ मीटर. हा जमिनीवरच्या कामाचा. उंचावर काम असेल तर ठिणग्या आणखी लांब जातात, वारा असेल तर त्याहून लांब. बारीक ठिणगी बहुतेक वेळा हवेतच विझते. भीती धरावी ती जड थेंबाची. गॅस कटिंग करताना प्लेटखालून ज्वारीच्या दाण्याएवढे लाल गोळे पडतात. ते फरशीवर आपटतात, उसळतात, घरंगळत जाऊन कपाटाखाली, गटाराच्या जाळीत, केबलच्या खाचेत शिरतात आणि तिथे गेल्यावरही बराच वेळ तापलेले असतात. त्या ११ मीटरच्या आत जळण्यासारखं जे हलवता येईल ते हलवा. जे हलत नाही ते फायर ब्लँकेटने, म्हणजे न पेटणाऱ्या जाड कापडाने झाका. प्लॅस्टिकची ताडपत्री चालत नाही, ती थेंबाने पाघळते आणि स्वतःच पेटते. फटी आणि भोकं आधी बुजवा, सामान त्यानंतर हलवा. लोक नेमकं उलटं करतात.

फटीची किंमत काय असते ते जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर दिसलं. ११ एप्रिल १९९६ रोजी टर्मिनलच्या वरून जाणाऱ्या रस्त्यावर वेल्डिंग चालू होतं. तापलेला धातू सांध्याच्या फटीतून खाली गेला आणि छतातल्या पॉलिस्टायरीनने, म्हणजे आपल्या थर्माकोलने, पेट घेतला. १७ माणसं गेली, बहुतेक धुराने. वर काम करणाऱ्यांच्या पायाखाली नुसता रस्ता होता.

भिंतीचंही तसंच. लोखंडी पाईप भिंतीतून पलीकडे जात असेल तर उष्णताही पलीकडे जाते. अलीकडे वेल्ड मारायचा आणि पलीकडच्या खोलीत पाईपला टेकलेले पुठ्ठे तपकिरी व्हायला लागायचे. फोम भरलेल्या पत्र्याच्या पॅनेलवर तर वेल्डिंग करूच नये. आतला फोम पत्र्याआडून पुढे पुढे पेटत जातो, त्यावर पाणीही पोचत नाही. तिथे ड्रिल करून बोल्ट मारा.

आता पिंपाविषयी. या विषयात सर्वांत घातक शब्द कुठला असेल तर "रिकामं". तेलाने काठोकाठ भरलेल्या पिंपात हवेला जागाच नसते. रिकाम्यात वाफही असते आणि हवाही, स्फोटाला लागतात ती दोन्ही. हिशोब करून बघा. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड टक्का झाली की मिश्रण पेट घेतं. २०० लिटरच्या पिंपात दीड टक्का म्हणजे ३ लिटर वाफ, आणि तेवढी वाफ व्हायला द्रव पेट्रोल लागतं १५ ते २० मिली. तीन-चार चमचे! पिंपाच्या तळाची जी दुमडलेली कड असते, तिच्यात एवढं सहज अडकून राहतं. वरून बघणाऱ्याला पिंप कोरडं दिसतं.

"यात डिझेल होतं, डिझेल कुठे असं पेटतं?" हेही नेहमी ऐकू येतं. थंड डिझेल काडीने पेटत नाही, खरं आहे. पण वेल्डिंगचा पत्रा थंड नसतो. तळाशी चिकटलेल्या थराची तो वाफ करतो, आणि ती वाफ पेटवायला आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची विजेची ज्योत, तिथेच हजर असतो. जुनं ऑइल, रंग, डांबर यांचं हेच. झाकण किंवा बूड उडतं ते बहुधा पिंपावर वाकलेल्या माणसावरच.

पाण्याने खळबळून धुतलं म्हणजे झालं, असं नाही. तेल पाण्याने निघत नाही. सगळी बुचं काढा, वाफेने किंवा कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्याने धुवा, कॉस्टिक हाताळताना गॉगल आणि रबरी हातमोजे घाला, मग पुन्हा साध्या पाण्याने धुवा. त्यानंतर वेल्डची जागा वर येईल असं पिंप ठेवून जोडाच्या जरा खालपर्यंत पाणी भरा, म्हणजे वाफेला जागाच उरत नाही. बूच उघडंच राहू द्या. पाणी भरणं शक्य नसेल तर नायट्रोजन सोडून आतली हवा बाहेर काढा. गॅस डिटेक्टर आत घालून शून्य आल्याशिवाय आर्क मारू नका, आणि काम थांबवून पुन्हा सुरू केलं तर पुन्हा तपासा, कारण गरम झालेल्या दुमडीतून वाफ नंतरही सुटते. आत काय होतं हे कुणालाच माहीत नसेल, तर ते काम नाकारा. नाकारणाऱ्या वेल्डरचं काम घटवू नका.

आत काहीही न भरलेला, दोन्ही तोंडं बंद असलेला पाईपसुद्धा फुटतो. आतली हवा आणि ओल तापून फुगते. आधी एक भोक पाडा. आणि टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग कधीच नाही, हवा काढली असली तरी नाही. तापलेल्या रबरातून ज्वलनशील वायू सुटतो, आणि फुटलेल्या ट्रकच्या टायरपुढे माणूस टिकत नाही. टायर उतरवा, मग वेल्ड मारा.

गॅस कटिंगला ॲसिटिलीन आणि ऑक्सिजन असे दोन सिलिंडर लागतात, आणि दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. ॲसिटिलीन दाबाखाली हवेशिवायही स्वतःहून फुटू शकतो. सिलिंडरमध्ये तो सच्छिद्र भरावातल्या ॲसिटोनमध्ये विरघळवलेला असतो म्हणून शांत राहतो. बाहेर पडला की ते संरक्षण संपतं, म्हणून रेग्युलेटरवर (सिलिंडरचा दाब कमी करून सोडणाऱ्या भागावर) १५ पीएसआयच्या, साधारण १ बार दाबाच्या वर कधी जायचं नाही. सिलिंडर आडवा ठेवला तर ॲसिटोन बाहेर येतो, म्हणून उभाच आणि साखळीने बांधलेला हवा. व्हॉल्व्ह जास्तीत जास्त दीड वळसा उघडा आणि चावी त्यावरच राहू द्या, घाईत बंद करता आला पाहिजे. फाटलेल्या नळीत तांब्याचा तुकडा घालून तारेने आवळायची एक वाईट सवय आहे. तांबं आणि ॲसिटिलीन मिळून जे संयुग होतं ते नुसत्या धक्क्यानेही फुटतं.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, तो जाळतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की रेग्युलेटरमधला वायू एकदम दाबला जाऊन प्रचंड तापतो. तिथे ग्रीसचं बोट लागलेलं असेल तर तेवढं पुरतं. बाजूला उभे राहा, हळू उघडा, आट्यांना तेल लावू नका. ऑक्सिजनच्या नळीने कपड्यावरची धूळ झटकणं बंद करा. तो कापडात मुरतो आणि मग एका ठिणगीत शर्ट भडकतो.

मागे येणारी ज्वाला अडवणारे फ्लॅशबॅक अरेस्टर दोन्ही रेग्युलेटरवर हवेत, टॉर्चकडे गॅस उलटा जाऊ न देणारे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवेत. पेटवण्याआधी दोन्ही नळ्या एकेक करून काही सेकंद मोकळ्या सोडा. आत मिसळलेला गॅस उरला असेल तर ज्वाला नळीतून मागे जाते. टॉर्च फटफटून आत शिट्टी वाजायला लागली तर आधी ऑक्सिजन बंद, लगेच ॲसिटिलीन. गळती साबणाच्या पाण्याने बघायची. टाकीत किंवा खड्ड्यात काम असेल तर सुट्टीत टॉर्च आणि नळ्या बाहेर काढून ठेवा, रात्रभर आत सोडू नका.

अर्थिंगचा क्लॅम्प, म्हणजे वेल्डिंगचा करंट मशीनकडे परत नेणारा चिमटा, जोडाच्या शक्य तितका जवळ, घासून चकचकीत केलेल्या जागी लावा. लांबच्या कुठल्यातरी खांबाला लावला तर करंट वाटेतल्या प्रत्येक ढिल्या जोडातून जातो आणि तिथे ठिणग्या पाडतो. गॅसच्या पाईपला तर चुकूनही नको. खिशात लायटर नको, खाली दुमडलेली पँट नको, कपडे सुती असू द्या.

आणि काम संपल्यावरचा एक तास. पूर्वी अर्धा तास पहारा पुरेसा धरायचे, आता एक तास म्हणतात. भुसा, कापूस, पुठ्ठ्याचे गठ्ठे आतल्या आत धुमसत राहतात आणि सगळे घरी गेल्यावर ज्वाला धरतात. त्यामुळे शेवटचा वेल्ड सुट्टीच्या तासभर आधी संपला पाहिजे. सिलिंडर बंद, नळ्यांतला दाब सोडलेला, होल्डरमध्ये रॉड नाही, रॉडचे तुकडे लोखंडी डब्यात. पहारेकऱ्याने खालचा मजला आणि भिंतीची पलीकडची बाजू पाहून यायचं, उलट्या हाताने उष्णता लागते का बघायचं, आणि तासाच्या शेवटी तीच फेरी पुन्हा मारायची. कोटेशन काढताना या तासाची मजुरी वेगळी धरा, आणि काम देणाऱ्यांनी ती कापू नका.